टेकडीचं नाव तहसिलीच्या दप्तरात

तुमसर तालुक्यातलं आंबागड नकाशावर नावानिशी सापडतं, कारण तिथे किल्ला आहे. बाकी कित्येक टेकड्यांच्या वाट्याला नुसता उंचीचा आकडा आलाय. त्यांची नावं शोधायची तर महसुली दप्तर उघडावं लागतं. वेल्समध्ये 1836च्या धर्मकर कायद्यानंतर गावोगावचे नकाशे झाले. त्यांतल्या शेतांच्या नावांवरून तिथले हौशी अभ्यासक शेजारच्या टेकडीचं नाव जुळवतात.

आपल्याकडे सारावसुलीची मालगुजारी पद्धत 1951मध्ये गेली, पण जमीन बंदोबस्ताच्या मिसली, म्हणजे नोंदींचे कागद, राहिल्या. निस्तारपत्रकात गुरचरण, सरपण, मुरूम यांचे हक्क, तर वाजिब-उल-अर्जमध्ये वाटा आणि पाण्याच्या वहिवाटी नोंदतात. टेकडी पिकत नाही, म्हणून तिच्यावर सारा नाही. तिचं नाव आडूनच येतं, पायथ्याच्या धानाच्या बांधीला, बोडीला म्हणजे लहान तळ्याला किंवा झुडपी जंगलाच्या तुकड्याला चिकटून. शिवेवरची टेकडी दोन गावांत दोन नावांची निघू शकते. त्यातलं एक खोडू नका, दोन्ही खरी असू शकतात.

कागदावरचं नाव गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याकडून मात्र पडताळून घ्या. तो आहे तोवरच विचारा.