डॉकला जोडला, टचपॅड रुसला

लॅपटॉपच्या दुरुस्तीचं काम करताना एक तक्रार माझ्याकडे फार येते. ती २०२० च्या टाळेबंदीपासून जास्त येऊ लागली, कारण ऑफिसातली डॉकिंग स्टेशनं तेव्हा अनेकांच्या घरी पोचली. डॉक म्हणजे वहीएवढी, कधी साबणाच्या वडीएवढी पेटी. एक वायर लॅपटॉपला लावली की मोठा पडदा, कीबोर्ड, माउस, इंटरनेट आणि चार्जिंग सगळं एकदम जोडलं जातं. कल्पना तशी जुनीच आहे. ॲपलनं १९९२ मध्ये पॉवरबुक ड्युओसाठी एक डॉक काढला होता, त्यात अख्खा लॅपटॉप व्हिडिओ कॅसेटसारखा आत सरकवायचा!

तर तक्रार अशी : ‘डॉकला लावला की टचपॅड बंद पडतो आणि काढल्यावरही चालू होईलच असं नाही.’ यावर लोक दोनच निष्कर्ष काढतात. एक तर टचपॅड गेला किंवा व्हायरस आला. बहुतेक वेळा दोन्ही खोटे असतात.

टचपॅडच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली बारीक विद्युतवाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली विद्युतभार साठवण्याची क्षमता किंचित बदलते आणि शेजारची चिप तो बदल सेकंदाला कितीतरी वेळा मोजते. म्हणून पेन्सिलीचं लाकडी टोक फिरवून उपयोग होत नाही आणि भांडी घासून ओल्या हातानं आलात तर बाण सैरावैरा धावतो. चिपला फक्त बोट कुठे आहे ते कळतं. एक बोट म्हणजे बाण हलवायचा, दोन बोटं म्हणजे पान सरकवायचं, हा अर्थ लावणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. दुभाषा गप्प बसला तर माणूस मुका आहे असं आपल्याला वाटतं, तसंच इथे होतं.

आता हा दुभाषा डॉक लावल्यावरच का गप्प बसतो? पहिलं कारण अगदी साधं आहे. विंडोजमध्ये एक सोय आहे, बाहेरचा माउस जोडला की टचपॅड आपोआप बंद करायचा. टाइप करताना तळहात लागून बाण उडू नये म्हणून ती केलेली आहे. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, मग ‘टचपॅड’ असं जा. तिथे टचपॅडच्या ओळीखाली ‘लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माउस इज कनेक्टेड’ असा चौकोन सापडेल. त्यात खूण नसेल तर डॉकमधला माउस दिसताच टचपॅड झोपतो. ॲपलच्या मॅकमध्येही अशीच सोय आहे, फक्त ती ‘ॲक्सेसिबिलिटी’च्या पोटात दडवलेली आहे.

पण डॉकला माउस लावलेलाच नसेल तर? याचं उत्तर मला एका ताईंच्या लॅपटॉपनं दिलं. त्या घरी बसून चार-पाच छोट्या कारखान्यांचे जीएसटीचे हिशेब ठेवतात. महिन्याची १८ तारीख, २० तारखेला रिटर्न भरायचं. एका दुकानदारानं त्यांना फोनवरच सांगितलं होतं, ‘टचपॅड गेलाय, कीबोर्डसकट वरचं कव्हर बदलावं लागेल, लॅपटॉप आठ दिवस ठेवून जा.’ आठ दिवस म्हणजे रिटर्न बुडालं आणि दंड त्यांच्या गिऱ्हाइकांना. त्या माझ्याकडे आल्या, मी लॅपटॉप सुरू केला, तर टचपॅड व्यवस्थित! डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरतो तसं. मी म्हटलं, ‘ताई, घरी जाऊन तो डॉक घेऊन या.’ डॉक आला, उलटा करून पाहिला, तर मागच्या यूएसबी खाचेत हरभऱ्याएवढा एक रिसीव्हर बसलेला. त्याचा बिनतारी माउस काही महिन्यांपूर्वी भाच्यानं नेला होता आणि रिसीव्हर तिथेच राहिला होता. लॅपटॉपच्या लेखी मात्र रिसीव्हर म्हणजेच माउस! तो उपटताक्षणी बाण हलू लागला. ‘अहो, एवढ्याशा तुकड्यानं?’ ताई म्हणाल्या. रिटर्न वेळेत गेलं.

दुसरा घोटाळा झोपेचा. पुष्कळ जण काम संपलं की झाकण मिटतात आणि नंतर डॉकची वायर ओढतात. लॅपटॉप झोपला तेव्हा माउस जोडलेला होता, जागा झाल्यावरही ड्रायव्हर कधी कधी तेच धरून बसतो. वायर काढायची ती लॅपटॉप जागा असताना. आणि अडकलाच तर ‘शट डाउन’ करून उपयोग होईलच असं नाही, हे ध्यानात ठेवा. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची युक्ती आली. तिच्यामुळे शट डाउन करताना ड्रायव्हरांसकट आतली परिस्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुन्हा तशीच वर काढली जाते. म्हणजे रुसवाही जपला जातो! ‘रिस्टार्ट’ केलं की मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. ‘मी तीनदा बंद-चालू केला’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, बंद केला की रिस्टार्ट केला?

एवढ्यानं भागलं नाही तरच ड्रायव्हरला हात लावावा. टचपॅड बंद असताना हे कीबोर्डवरून करता येतं. विंडोजचं बटण आणि एक्स दाबा, मग एम दाबा, ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडेल. आता पिवळं चिन्ह कुठे आहे ते पाहा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅड ‘आय स्क्वेअर सी’ नावाच्या छोट्या मार्गावर जोडलेला असतो आणि त्या मार्गाचा ड्रायव्हर वेगळा असतो. पिवळं चिन्ह त्या मार्गावर असेल तर टचपॅडचा ड्रायव्हर दहा वेळा टाकूनही काही होत नाही. रस्ताच खचलाय, एसटीला दोष देऊन काय उपयोग? आणि ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर बघून. ‘सगळे ड्रायव्हर फुकट’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला मी जात नाही. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर ‘रोल बॅक’चं बटण तिथेच असतं.

आता आपल्याकडचा खास प्रकार. टचपॅड बंद पडत नाही, पण डॉक लावला की बाण थरथरतो, नको तिथे क्लिक होतं, लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हात फिरवला तर मुंग्या येतात. हा ड्रायव्हरचा दोष नव्हे, अर्थिंगचा आहे. डॉकच्या ॲडॉप्टरमध्ये विजेचा गोंगाट शोषायला एक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नसेल तर त्याच्यातून अतिशय अल्प प्रवाह पलीकडे जातो आणि लॅपटॉपचं अंग जमिनीच्या तुलनेत हेलकावे खात राहतं. बोटाचा विद्युतभार ज्या पायावरून मोजायचा तो पायाच हलत असेल, तर चिप बिचारी काय मोजणार? तीन पिनी प्लगला दोन पिनी जोड लावून काम भागवण्याची आपली सवय इथे नडते. परीक्षा सोपी आहे. डॉकची वायर काढा आणि बॅटरीवर चालवा. बाण शांत झाला तर ड्रायव्हर सोडा, इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थ खरोखर जोडलेला आहे का ते तपासून घ्या. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे तिसऱ्यामागे वायर आहेच असं नाही, जुन्या वाड्यांत तर नाहीच नाही. आणि कुणी न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, त्यानं जिवावर बेतू शकतं.

राहता राहिला खरोखर बिघडलेला टचपॅड. तोही असतोच. तो ओळखायला डॉक काढून लॅपटॉपच्या बायॉसमध्ये जायचं. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये तिथेही बाण दिसतो आणि तिथे विंडोजचा ड्रायव्हर नसतोच. त्या पडद्यावर बाण बोटाबरोबर हलला, तर कव्हर बदलायला सांगणाऱ्या दुकानदाराला तेवढं दाखवा आणि मग भावाची बोलणी करा.