माझं काय सांगायचं?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला विषय दिलाय 'स्त्रियांचं अनुभवकथन'. शब्द जरा जड आहे. आपल्या बैठकांमध्ये आपण इतकंच म्हणतो, "बायांनो, गोल करून बसा आणि एकेकीनं आपलं सांगा." आणि पहिली बाई हमखास म्हणते, "माझं काय सांगायचं? सगळ्यांचं असतं तसंच."

आज मी या वाक्यापासूनच सुरुवात करणार आहे. कारण हे वाक्य खरंही आहे आणि खोटंही आहे.

आमच्या तालुक्यात एकल स्त्रियांचा एक गट आहे. विधवा, टाकलेल्या, घटस्फोटित, लग्न न झालेल्या, अशा तीसेक जणी. त्यातली एक बाई दोन बैठका नुसती बसून होती. तिसऱ्या बैठकीत बोलली. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. महिना-महिना बाहेर असायचा. पैसे यायचे बंद झाले, तरी तिला वाटायचं, येईल. नऊ वर्षं ती "ते बाहेरगावी आहेत" असंच सांगत राहिली. मग एके दिवशी रेशन दुकानात तिनं अंगठा लावला, तर दुकानदार म्हणाला, "ताई, तुमचं नाव कमी झालंय." चौकशी केल्यावर कळलं की नवऱ्यानं दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटला होता आणि नव्या कार्डासाठी जुन्यातून नाव काढताना हिचंही काढलं होतं. आपल्याला टाकलंय, हे त्या बाईला असं रेशनच्या रांगेत समजलं.

ती सांगत होती तेव्हा रडत नव्हती. चिडली होती. "मला तोंडावर सांगायचं तरी," म्हणाली.

मग शेजारची म्हणाली, "माझंही नाव सासऱ्यांच्या कार्डात आहे, धान्य तेच उचलतात." तिसरी म्हणाली, तिचं नाव कुठेच नाही. त्या दुपारी पाच नावं निघाली. पुढच्या आठवड्यात पाच जणींचे अर्ज घेऊन आम्ही तहसील कचेरीत गेलो. 'कुटुंबप्रमुख कोण?' या रकान्यावर सगळं अडलं होतं. तिथे तीन फेऱ्या झाल्या, पण कार्डं मिळाली.

सांगायचा मुद्दा असा की ज्या गोष्टीची ती बाई एकटीनं नऊ वर्षं लाज बाळगत होती, ती पाच जणींची निघाली. "सगळ्यांचं असतं तसंच" हे वाक्य त्या अर्थानं खरं. पण जोवर कुणी सांगत नाही तोवर ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून ते खोटंही.

परित्यक्तांचा प्रश्न महाराष्ट्रात पुढे आला तोही असाच. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली. तोवर 'टाकलेली' हा गावातला शब्द होता, सरकारदरबारी त्याला जागा नव्हती. बायका व्यासपीठावर येऊन स्वतःच्या तोंडानं सांगू लागल्या, तेव्हा तो सार्वजनिक प्रश्न झाला. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंद झालेली माणसं १३ लाखांच्या वर होती, तर 'विभक्त' म्हणून नोंद झालेली ३५ लाखांच्या वर. त्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त. म्हणजे कोर्टाची पायरी न चढता, कागद न होता मोडलेले संसार कितीतरी अधिक. या आकड्यातली प्रत्येक बाई कुठेतरी "ते बाहेरगावी आहेत" असं सांगत असेल.

दुसरी गोष्ट बीडची. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जातात हे २०१९ मध्ये गाजलं. पण बायकांच्या आयुष्यात ते त्याआधी कितीतरी वर्षं घडत होतं. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितलं जायचं. कोयत्यावर असताना पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे मुकादमाचा दंड आणि उचल फिटायची राहणार. त्यात दोन-तीन मुलं झालेली. बाई म्हणायची, काढून टाका. तिच्या लेखी तो तिचा एकटीचा निर्णय होता, तिच्या एकटीचं दुखणं होतं. शासनाने नेमलेल्या समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. साधारण सहा जणींमागे एक! हा आकडा आकाशातून पडलेला नाही. आधी काही बायका बोलल्या, कुणीतरी ते ऐकलं, लिहिलं, मग मोजणी झाली. गोष्ट आधी येते, आकडा मागून येतो. आकड्याशिवाय सरकार हलत नाही हे मान्य; पण गोष्टीशिवाय काय मोजायचं हेच कळत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या भाषेत बायकांनी स्वतःचं सांगण्याची परंपरा मोठी आहे. बेबीताई कांबळे यांचं उदाहरण घ्या. फलटणला किराणा दुकान चालवता चालवता त्यांनी लिहिलं आणि ते लिखाण वीसएक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं १९८६ मध्ये. एका दलित बाईनं आपल्या वस्तीचं, आपल्या घरातल्या मारहाणीचंही लिहायचं, याला काय धैर्य लागलं असेल! उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, भेटून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. त्या भेटल्या नसत्या, तर त्या बायकांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या.

आणि जिचं वेळेवर ऐकलं गेलं नाही तिचीही आठवण ठेवू या. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं खटल्यात पुरावा म्हणून वाचली गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या पतीला निर्दोष सोडलं. कोर्टाचा निकाल आपल्या जागी. पण ती सांगत होती, हे तर पत्रांवरून दिसतंच. नारी समता मंचानं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन भरवलं. त्या नावातच बाकीच्या बायकांना बोलण्याचं आमंत्रण होतं.

आता ऐकण्याबद्दल. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला 'केस हिस्टरी' लिहायला शिकवतात. नाव, वय, शिक्षण, समस्येचं स्वरूप. कामासाठी ते लागतं. पण बाई रकान्यांच्या क्रमानं सांगत नाही. ती लग्नातल्या मानपानापासून सुरू करते, मधेच धाकट्या दिराच्या आजारपणावर जाते, आणि ज्या रात्री खरं काय घडलं ते चहाचा कप खाली ठेवता ठेवता, उठता उठता सांगते. पोलीस स्टेशनात तिला आधी तारीख विचारतात. तारीख आठवली नाही की तिलाच खोटं वाटायला लागतं. आपणही जर "मग तू काय केलंस? आधी का नाही सांगितलंस?" असं विचारलं, तर आपल्यात आणि ठाणे अंमलदारात फरक काय राहिला?

घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ मध्ये झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या अहवालाच्या नमुन्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या हिंसेला जागा आहे. एक सून मला सांगत होती, सासू रोज सकाळी वाटीनं मोजून तेल देते आणि डबे कुलपात ठेवते. पाहुणा आला की हिनं कुलूप उघडायला विनवायचं. "हे काय सांगण्यासारखं आहे का ताई?" असं तिनं तीनदा विचारलं. आहे ना! आर्थिक छळाचा रकाना कायद्यात आला, कारण तिच्याआधीच्या बायकांनी असल्या 'न सांगण्यासारख्या' गोष्टी देशभरच्या संघटनांमध्ये सांगितल्या होत्या. कायद्यातले शब्द बायकांच्या तोंडून आलेले आहेत. बाई समोर बसली की हे आपण विसरता कामा नये.

आता जरा अवघड मुद्दा. आपल्याला दुःखाच्या गोष्टी ऐकायची सवय लागली आहे. बाई रडली म्हणजे बैठक चांगली झाली, असं आपल्यालाही वाटतं. पण अनपेक्षित काही घडतं ते दरवेळी दुःखच नसतं. करोनात नवरा गेलेल्या एका बाईनं गटात सांगितलं, "तेरावं झालं, पाहुणे गेले आणि त्या रात्री मला लग्नानंतर पहिल्यांदा सलग झोप लागली." गटात एकदम शांतता. कुणीतरी म्हणालं, "असं बोलू नये." ती खाली मान घालून गप्प झाली. मग कोपऱ्यातली एक साठीची बाई म्हणाली, "बोल गं. मलाही लागली होती." त्यानंतर जे बोलणं झालं, ते मी आजवर ऐकलेल्या बोलण्यांत सगळ्यात खरं होतं. कुणाला नवऱ्याची आठवण येत होती, कुणाला त्याचा राग येत होता, कुणाला दोन्ही. एकीनं सांगितलं, ती आता एस.टी.नं एकटी जिल्ह्याच्या गावी जाऊन माल आणते आणि तिथल्या हॉटेलात बसून मिसळ खाते. हे सांगताना ती इतकी लाजली, जणू चोरी कबूल करत होती.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शासनानंही तो इतर गावांपुढे ठेवला. फार चांगलं झालं. पण ठरावानं बांगड्या वाचतील. विधवेनं हसायचं का, मिसळ खायची का, हा ठराव बायकांच्या गटातच व्हावा लागतो. म्हणून म्हणते, आपल्या गोलात सुखाच्या गोष्टीलाही जागा ठेवा. नाहीतर आपणच बाईला 'बिचारी' या एका साच्यात बसवू.

शेवटचा मुद्दा: गोष्ट कुणाची? हल्ली प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे. एका गटात बाई बोलत असताना कुणीतरी हौसेनं व्हिडिओ घेतला. हेतू वाईट नव्हता. पण तो फिरत फिरत सासरी पोचला. दिरानं येऊन तिचा मुलगा उचलून नेला. मुलगा परत मिळायला सतरा दिवस लागले. त्या बाईनं नंतर गटात येणंच सोडलं. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. पण बाकीच्या बहुतेक गोष्टींना असं संरक्षण नाही. तिथे आपला विवेक हाच कायदा. आणि नुसतं नाव बदलून भागत नाही. 'अमुक गावची, पायानं अधू मुलगा असलेली अंगणवाडी मदतनीस' असं लिहिलं तर पंचक्रोशीला कळतं कोण ते. अहवालासाठी, देणगीदारांसाठी, वर्तमानपत्रासाठी आपल्याला गोष्टी हव्या असतात. पण बाई गोष्ट अहवालासाठी सांगत नाही. तिला वाटतं, आता तरी काही होईल.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक, बैठक सुरू होण्याआधी फोन एका पिशवीत गोळा करा, कार्यकर्तीचा पहिला. दोन, गोष्ट बाहेर न्यायची असेल तर लिहिलेलं त्या बाईला वाचून दाखवा, आणि महिन्यानं पुन्हा विचारा. सांगण्याच्या भरात दिलेला होकार घरी गेल्यावर बदलू शकतो, आणि तो बदलण्याचा तिला हक्क आहे. तीन, गोष्टीतून काम निघत असेल, म्हणजे रेशन कार्ड, पोटगी, सातबाऱ्यावर नाव, तर ते काम कोण करणार आणि कधी, हे त्याच बैठकीत ठरवा. चार, काम निघत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि तरीही ऐका.

आता जेवणानंतर आपण सहा-सहांचे गट करणार आहोत. प्रत्येकीनं आपल्या आयुष्यात अचानक घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. सुखाची, दुःखाची, कसलीही. कार्यकर्त्यांनी 'आम्ही फक्त ऐकतो' म्हणून सुटायचं नाही. आणि कुणी "माझं काय सांगायचं?" म्हणालं, तर तिला पाणी द्या आणि थांबा. घाई करू नका.