मुलाची गोष्ट, मुलाच्या हातची

श्रोतेहो, १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. समजा, ही हकीकत ऐकून तुमच्या वर्गातलं एखादं पोरगं लिहितं, 'पाण्याची रेल्वे येलालीय. माय घागर घेऊन पळाली.'

गुरुजी, लाल शाई जरा दूर ठेवा! 'येलालीय' आपल्या नांदेड-लातूरकडच्या घरातला शब्द. तो खोडून 'येत आहे' केलंत, की पोर तिथंच गप्प बसतं. शुद्धलेखन मागाहून पाहू. आधी विचारा, 'मग माय काय म्हणाली?' लिहिता येत नसेल, तर ते सांगेल तसं तुम्ही उतरून घ्या.

चित्राचंही तेच. फळ्यावर नमुना काढू नका. त्याची घागर इंजिनाहून मोठी निघेल, निघू द्या. तहानलेल्या घरात ती तेवढीच मोठी असते.

खर्च म्हणाल तर काही नाही. पाठकोरे कागद मधोमध दुमडा, सुईदोऱ्यानं टाके घाला. कोळसा, हळद, गेरू हे रंग. वर गोष्टीचं नाव, खाली लेखकाचं. दोन्ही त्याच्याच हातानं. आणि आईबापांनो, संध्याकाळी ती गोष्ट त्याच्याकडून वाचून घ्या. मध्ये बोलू नका.