पिंजऱ्यामागचा माणूस

रविवारी राणीच्या बागेत किंवा पुण्याला कात्रजच्या उद्यानात तुम्ही मुलांना घेऊन गेला असाल. वाघ पाहिला, माकडांच्या खोड्या पाहिल्या, शेंगा खाल्ल्या. पण एका हातात बादली आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला एक माणूस पिंजऱ्यामागच्या बोळातून निघून गेला, त्याच्याकडे तुमचे लक्ष गेले का? बहुधा नसेल. या माणसाला आपण रखवालदार म्हणत आलो. आता कीपर हा शब्द सर्रास झाला आहे. हा कीपर व्हावयाचे तर काय शिकावे लागते, कसला अनुभव लागतो, असे आमच्या कॉलेजातली एकदोन मुले दरवर्षी मला विचारतात. विचारताना आवाज जरा खाली आणतात. घरी सांगितलेले नसते ना!

पहिली गोष्ट अशी की, प्राणिसंग्रहालयातली नोकरी ही एक नोकरी नव्हे. प्राण्यांवर उपचार करावयाचे असतील तर पशुवैद्यकाची पदवी हवी. बारावीला जीवशास्त्र, मग प्रवेश परीक्षा, आणि प्रत्यक्ष कामाचे वर्ष धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. मुंबईला परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून हे शिक्षण देत आले आहे. जीवशास्त्रज्ञ म्हणून किंवा पुढे क्युरेटर म्हणून जावयाचे असेल, तर प्राणिशास्त्र किंवा वन्यजीवशास्त्र यांतली उच्च पदवी लागते. हे मार्ग सरळ आहेत, त्यांची माहिती कोणत्याही कॉलेजच्या कचेरीत मिळेल. अवघड प्रश्न आहे तो बादलीवाल्या माणसाचा.

अवघड अशासाठी की, आपल्याकडे या कामाला शाळेची फारशी अट घालण्याची रीत नव्हती. पालिकेच्या बागेत बाप होता, मग मुलगा आला. जे शिकला ते बापाच्या पाठीमागे उभे राहून शिकला. परदेशात चित्र निराळे आहे. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी साध्या कीपरलाही प्राणिशास्त्राची पदवी विचारतात. कॅलिफोर्नियातल्या मूरपार्क येथील कॉलेजने तर विद्यार्थ्यांना हात मळवता यावेत म्हणून स्वतःचे प्राणिसंग्रहालयच ठेवले आहे. आपल्याकडे १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हापासून कीपरांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग भरू लागले. पण ते वर्ग नोकरीत असलेल्यांसाठी. बाहेर उभ्या असलेल्या तुमच्या मुलाने काय करावे?

इथे मला एका माणसाची आठवण सांगावीशी वाटते. कलकत्त्याचे अलिपूरचे प्राणिसंग्रहालय १८७६ साली उघडले. तिथे रामब्रह्म सन्याल नावाचा एक बंगाली तरुण कामाला लागला. वैद्यकीय शिक्षण घेत होता. डोळे अधू झाल्यामुळे ते सोडावे लागले होते. मजुरांवर देखरेख करावी, असे साधे काम. पण हा गृहस्थ रोज पाहिलेले रोज लिहून ठेवी. कोणता प्राणी काय खातो, कशाने आजारी पडतो, कशाने बरा होतो, पिले केव्हा होतात. पुढे तोच त्या संग्रहालयाचा अधीक्षक झाला. १८८९ मध्ये अलिपूरला सुमात्रातल्या गेंड्याचे पिल्लू जन्मले. ही गोष्ट किती दुर्मिळ? बंदिवासात या जातीचे पुढचे पिल्लू जन्मले ते २००१ साली, अमेरिकेत सिनसिनाटीला. मध्ये एकशे बारा वर्षे गेली! १८९२ मध्ये सन्यालांनी आपल्या टिपणांचा ग्रंथ केला, आणि बंदिवासातील प्राण्यांच्या निगेवरचा तो सुरुवातीचा मोठा ग्रंथ मानला जातो. म्हणजे अधू डोळ्यांच्या माणसाने हे केले ते पाहूनच.

आता प्रत्यक्ष काम पाहा. सकाळी कीपर येतो तो आधी झाडू उचलत नाही, आधी मोजतो. रात्री होते तितके आहेत ना, उभे आहेत ना, कालचे अन्न उरले का. शेण, लेंडी, विष्ठा नीट पाहतो. तुम्ही नाक मुरडाल, पण प्राण्याचा पहिला वैद्यकीय अहवाल तोच असतो. रानातले जनावर आपले दुखणे लपवते. दुबळे दिसणे म्हणजे जंगलात मरण. वाघ जेवताना डाव्या बाजूने चावतो आहे, एवढी एक गोष्ट ज्याच्या ध्यानात येते, त्याच्यामुळे डॉक्टराला दाताचे दुखणे वेळेवर कळते. डॉक्टर हुशार असेल, पण रोज पाहणारा तो नव्हे.

मग कोठ्याची सफाई. वाघाला एका कप्प्यातून दुसऱ्यात घ्यायचे, मधला दरवाजा पाडायचा, कुलूप लावायचे, कुलूप ओढून पाहायचे, वाघ पलीकडे आहे हे डोळ्यांनी पाहायचे, आणि मगच आत पाऊल टाकायचे. रोज. वीस वर्षे नोकरी झाली तरी रोज. या धंद्यात माणसे दगावली आहेत, आणि पुष्कळदा ती नवशिकी नव्हती. सवयीने निर्धास्त झालेली होती. माकडांचा क्षय माणसाला आणि माणसाचा माकडांना होऊ शकतो, रेबीजची लस टोचून घ्यावी लागते, हेही आईबापांना आधी सांगून टाकावे.

आणि नवेनवे शिकावे लागतेच. २०१६ मध्ये राणीच्या बागेत दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. मुंबईच्या घामट हवेत त्यांना सोळा ते अठरा अंशांचा गारवा अहोरात्र टिकवावयाचा, म्हणजे निगेचे सारे गणितच निराळे. तिथे बापाची शिकवणी पुरत नाही. वाचता आले पाहिजे, लिहिता आले पाहिजे, तापमानाचा तक्ता समजला पाहिजे. म्हणून मी मुलांना सांगतो, निदान बारावी विज्ञान करा, जमल्यास प्राणिशास्त्राची पदवी घ्या. जाहिरातीत अट दहावीची असली तरी!

अनुभवाचे काय? 'मला प्राणी फार आवडतात' हा अनुभव नव्हे. घरी गोठा असेल तर उत्तम. आजारी म्हशीजवळ रात्र काढलेला मुलगा मला घरी पोपट पाळणाऱ्या मुलापेक्षा अधिक लायक वाटतो. शहरात असाल तर गुरांच्या सरकारी दवाखान्यात, पांजरपोळात, जखमी पक्ष्यांच्या केंद्रात सुट्टीत विनावेतन राबा. साप पकडून फोटो काढणे मात्र यात धरू नका. जनावराला शांत ठेवणारा माणूस हवा, त्याला छेडणारा नको.

खरी अडचण निराळीच आहे. आपल्याकडे शिकलेला झाडू धरत नाही आणि झाडू धरणाऱ्याला कोणी शिकू देत नाही. बी. एस्सी. झालेला मुलगा लीद काढणार म्हटले की घरात सुतक पडते, आणि आमचे लग्नाचे बाजार त्यात भर घालतात. पगार बेताचा, पुष्कळ ठिकाणी कंत्राटी, सणाच्या दिवशी सुट्टी नाही; वाघाला दिवाळी कळत नाही. या तक्रारी खोट्या नाहीत, आणि मुलाने त्या ऐकून मगच ठरवावे. पण बाप जेव्हा 'हे काय काम आहे?' असे म्हणतो, तेव्हा तो पगाराबद्दल बोलत नसतो.

त्याला माझे एक साधे सुचवणे आहे. पुढल्या रविवारी मुलाला घेऊन सकाळी बाग उघडताच जा. एकाच पिंजऱ्यापुढे एक तास उभे राहा, आणि जनावर काय काय करते ते वहीत वेळेसह लिहायला त्याला सांगा. दहा मिनिटांत तो कंटाळला तर प्रश्न मिटला. तासाभराने तुम्हीच कंटाळलात आणि तो अजून लिहीत असला, तर कीपर बादली घेऊन येईल तेव्हा त्याला थांबवा, नमस्कार करा, आणि या जनावराला काय आवडत नाही, एवढे विचारा.