विसण किती घालता?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत ‘विसण’ असा एक जुना शब्द आहे. आंघोळीच्या कढत पाण्यात ते सोसवेल इतके करण्यासाठी आपण जे गार पाणी घालतो, ते विसण. शब्द आता कमी ऐकू येतो, पण कृती मात्र घरोघरी रोज सकाळी चालूच आहे. म्हणून आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. तुम्ही बादलीत विसण किती घालता? या प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या गिझरचे बटण कुठे असावे हे दडलेले आहे, महिन्याचे बिल दडलेले आहे आणि काही घरांत तर माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

पूर्वी आपल्याकडे तांब्याचा बंब असे. मधोमध नळकांडे, त्यात जळण आणि भोवती पाणी. धूर वर जाता जाता पाण्याला ऊब देऊन जाई, म्हणजे रचना मोठी हुशारीची. पण बंबाला तापमान ठरवण्याची सोय नव्हती. जाळ असेल तितके पाणी तापणार आणि मग विसण घालणे भागच. आज भिंतीवर गिझर आहे, त्याला बटण आहे, काही गिझरवर तर तापमानाचा आकडाही दिसतो. सवय मात्र बंबाचीच राहिली. बटण शेवटापर्यंत फिरवायचे, कढत पाणी घ्यायचे आणि अर्धी बादली गार पाणी ओतायचे.

मीरा-भाईंदरचे उदाहरण घेऊ. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. परवडणारे घर शोधत मुंबईतील कितीतरी कुटुंबे दहिसरच्या पुढे येऊन राहिली. आज तेथील एकाच इमारतीत तुम्हाला तीन प्रकारचे गिझर सापडतील. कोणाकडे विजेचा साठवणीचा, कोणाकडे सिलिंडरवर चालणारा आणि ज्या इमारतीत महानगर गॅसची पाइपलाइन आली आहे तेथे पाइपच्या गॅसवरचा. सकाळची लोकल सगळ्यांनाच गाठायची असते, त्यामुळे सहा ते आठ या वेळात हे सारे गिझर एकदमच कामाला लागतात.

आता थोडा हिशोब करू. तो सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिवाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी २४ अंशांचे धरू. आंघोळीला ४० अंशांचे पाणी पुरेसे गरम वाटते. म्हणजे वाढवायचे १६ अंश. बादली २० लिटरची. सोळा गुणिले वीस, ३२० किलोकॅलरी झाल्या. चार माणसांच्या घरात चार बादल्या, म्हणजे दिवसाला १,२८० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात, तेव्हा ही दीड युनिट वीज झाली. महिन्याला सुमारे ४५ युनिट.

हेच काम गॅसवर केले तर? पाइपच्या एका घनमीटर गॅसमध्ये सुमारे साडेआठ हजार किलोकॅलरी असतात. गिझर त्यातील सुमारे ८० टक्के पाण्याला देतो, बाकी उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. या हिशोबाने चार जणांच्या आंघोळीला महिन्याला साडेपाच ते सहा घनमीटर गॅस पुरतो. आणखी एक उपयोगी गोष्ट यातून निघते. एक घनमीटर गॅस विजेच्या सुमारे आठ युनिटांचे काम करतो. तुमच्या दोन्ही बिलांवरचे दर काढा, सगळे आकार धरून. गॅसचा दर विजेच्या दराच्या आठ पटींपेक्षा कमी असेल तर पाणी गॅसवर तापवणे स्वस्त, जास्त असेल तर विजेवर. सिलिंडरवाल्यांनी १४.२ किलोचा एक सिलिंडर म्हणजे अंदाजे १४५ युनिटांचे काम असे धरावे.

मग विसण घातल्याने नुकसान होते का? येथे जरा थांबायला हवे, कारण उत्तर गिझरच्या प्रकारावर अवलंबून आहे.

विजेचा १५ लिटरचा गिझर घ्या. तो ५० अंशांवर लावला तर त्यात एका बादलीला लागते त्याहून थोडी जास्तच उष्णता साठते. विसण घालून त्या १५ लिटरांचे ४० अंशांचे सुमारे २४ लिटर पाणी होते. ६० अंशांवर लावला तर तेच पाणी सुमारे ३४ लिटर होते. घरात एकटा माणूस आंघोळ करून कामावर जाणार असेल, तर ते वरचे दहा लिटर टाकीतच राहतात आणि दिवसभरात निवून जातात. त्या उष्णतेचे पैसे आपण भरलेले असतात. शिवाय टाकी जितकी कढत, तितकी तिच्या भिंतींतून उष्णता जास्त झिरपते. खोली २६ अंशांची असेल, तर ६० ऐवजी ५० अंश ठेवल्याने ही गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. गिझरवर जे ताऱ्यांचे लेबल असते, ते या गळतीच्या मोजमापावरच दिलेले असते. दिवसभर चालू ठेवलेल्या गिझरला हा फरक लागू आहे, सकाळी पाऊण तास चालवणाऱ्याला तो फारसा जाणवणार नाही.

घरात चार माणसे असली तरी ६० अंश लागतातच असे नाही. दोन किलोवॉटचा गिझर पुढच्या बादलीची उष्णता अकरा-बारा मिनिटांत भरून काढतो. माणसे एकामागून एक जाणार असतील तर ५० अंश पुरतात. दोघांना लागोपाठ जायचे असेल, तरच बटण वर न्यावे.

गॅसच्या गिझरची गोष्ट वेगळी. तो पाणी साठवत नाही, नळ सोडला की तापवतो. म्हणून येथे विसण घातल्याने उष्णता फारशी वाया जात नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नुकसान होते ते दुसऱ्या मार्गांनी. नळ बंद केल्यावर पाइपात अडकलेले पाणी निवते, ते जितके कढत तितके नुकसान मोठे. पाणी ६० अंशांच्या वर गेले की त्यातील क्षार नळीत झपाट्याने बसू लागतात. टँकरचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी जेथे वापरतात, तेथे ही पुटे लवकर जमतात. मग ज्योतीची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि गॅस जास्त जळतो.

तेव्हा आकडा दाखवणारा गॅस गिझर असेल तर तो ४० ते ४२ वर ठेवा आणि विसण जवळजवळ घालूच नका. साध्या गिझरला दोन बटणे असतात, एक गॅसचे आणि एक पाण्याचे. काहींना उन्हाळा-हिवाळा असे तिसरेही असते. आधी गॅस सर्वांत कमी ठेवा, पाण्याची धार मध्यम ठेवा आणि पाणी कोमट वाटले तरच गॅस थोडा थोडा वाढवा. उन्हाळ्यात टाकीतलेच पाणी ३० अंशांचे असते, तेव्हा बटण हिवाळ्याच्या जागी ठेवण्याचे कारण नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची एक अडचण असते. टाकी अगदी डोक्यावर असल्याने पाण्याला दाब कमी आणि गिझर पेटतच नाही, किंवा बारीक धारेमुळे पाणी फार कढत येते. यावर गॅस कमी करणे आणि पाण्याच्या तोंडाची जाळी साफ करणे हे पहिले उपाय.

बिलाच्या दृष्टीने मात्र बटणापेक्षा मोठी गोष्ट आहे ती पाण्याच्या मापाची. शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी येते असे धरले, तर आठ मिनिटांच्या आंघोळीला ६४ लिटर लागतात, म्हणजे तीन बादल्यांहून अधिक. जेथे पाणीच जपून वापरावे लागते, तेथे बादली दोन्ही बिले वाचवते.

आता कढत पाण्याची दुसरी बाजू. ६० अंशांचे पाणी अंगावर पडले तर मोठ्या माणसाची त्वचाही पाच-एक सेकंदांत खोलवर भाजते. ५० अंशांना तेच व्हायला काही मिनिटे लागतात, म्हणजे हात मागे घ्यायला वेळ मिळतो. लहान मुलांची आणि वृद्धांची त्वचा पातळ, त्यांना वेळ त्याहून कमी मिळतो. ज्या घरात नातवंडे आणि आजी-आजोबा आहेत, तेथे ५० अंश हीच वरची मर्यादा समजावी. मग साठवणीचे पाणी ६० अंशांवर ठेवावे असे जे सांगतात ते का? कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे झालेल्या साथीनंतर ते ओळखले गेले. रोज रिकाम्या होणाऱ्या छोट्या टाकीत हा धोका कमी असतो. पण गावाहून आठ-पंधरा दिवसांनी परतलात, तर विजेचा गिझर एकदा ६० अंशांपर्यंत तापवावा, ते पाणी सोडून द्यावे आणि मग बटण खाली आणावे.

श्रोतेहो, आता सर्वांत गंभीर मुद्दा. गॅस जळायला हवा लागते. सहा लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर चालला तर तासाला सुमारे १३ घनमीटर हवा खातो. आपल्याकडे चार फूट बाय सहा फुटांचे न्हाणीघर, उंची आठ फूट, यात सारी मिळून साडेपाच घनमीटर हवाही नसते. दार-खिडकी लावून घेतली तर पंचवीस मिनिटांच्या हिशोबाची ही हवा. पण प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी प्राणवायू कमी होऊ लागतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅसगळती वासाने कळते, कारण गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो. हा वायू मात्र कळतच नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते आणि दाराची कडी काढायचेही त्राण राहत नाही. जानेवारी २०२० मध्ये मीरा रोडच्या शेजारच्या बोरिवलीत एका शाळकरी मुलीने न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे प्राण गमावले.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि त्याचा धूर पाइपाने थेट बाहेर जावा. थंडी वाजते म्हणून झरोका पुठ्ठ्याने बंद करू नये. काही गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण त्या सोयीवर विसंबू नये. गिझर अजून आतच असेल, तर तो बाहेर हलवेपर्यंत एक नियम घरात सर्वांना सांगा. दार उघडे ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला दार लावा. लहान ज्योत हवाही कमी खाते, तेव्हा बटण खाली ठेवण्याचा हा आणखी एक फायदा. पण लहान ज्योत म्हणजे सुरक्षित ज्योत नव्हे. हवा हवीच.

आपल्यापैकी अनेकांची मुले इंग्लंडमध्ये असतात. तेथे गॅसचा बॉयलर पाणी तर तापवतोच, शिवाय खोल्यांतल्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून घरही उबदार ठेवतो. १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवे बॉयलर सर्वसाधारणपणे धुरातल्या वाफेचे पुन्हा पाणी करून तिची उष्णता परत मिळवणारे असावेत असा नियम झाला. पण रेडिएटरमधून परत येणारे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असेल तरच ही वाफ निवते. बॉयलर ७५-८० अंशांवर लावला तर महागड्या यंत्राचा हा गुण वाया जातो. म्हणून तेथे रेडिएटरचे पाणी ६० अंशांवर किंवा त्याहून खाली ठेवायला सांगतात. पाण्याची वेगळी टाकी असेल, तर ती मात्र ६० वरच. मुलांशी फोनवर बोलताना हे विचारून पाहा.

शेवटी एक काम सांगतो. शंभर अंशांपर्यंतचा काचेचा साधा तापमापक विकत आणा. तापाचा नको, तो ४२ अंशांच्या आसपासच संपतो आणि कढत पाण्यात फुटतो. उद्या सकाळी विसण घालण्याआधी गिझरचे पाणी मोजा, मग नेहमीसारखी बादली तयार करून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे गिझरजवळ लिहून ठेवा. गॅस गिझर असेल तर बटण रोज थोडे खाली आणून ते दोन आकडे जवळ आणा. विजेचा असेल तर पहिला आकडा पन्नासच्या पुढे जाऊ देऊ नका. बटण बाहेर नसेल तर पुढच्या वेळी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडून ते करून घ्या. आणि त्याच वेळी न्हाणीघराचा झरोका उघडा आहे ना, तेही पाहा.