किल्ल्यावरची सरमिसळ फौज



दिवाळी आठ दिवसांवर आली म्हणजे दादर, परळ, लालबाग आणि गिरगांव या भागांतील बाजारांत आकाशकंदिलांच्या शेजारीं किल्ल्यावर मांडावयाचीं चित्रें विक्रीस येतात. भाला रोखून उभा असलेला पहारेकरी, तोफेला बत्ती देणारा गोलंदाज, तुतारी फुंकणारा मावळा, घागर घेतलेली गवळण, आणि या सर्वांहून उंच, सिंहासनावर विराजमान झालेले शिवाजी महाराज. परंतु आपल्या मुलांजवळ जी फौज जमते ती केवळ बाजारांतून आणलेली नसते. गेल्या वर्षींचे, हात मोडलेले दोन मावळे असतात. कोणा मामानें आणलेले प्लास्टिकचे हिरवे शिपाई असतात. जत्रेंतला लांकडी हत्ती असतो. आणि अलीकडे तर परदेशी खेळांच्या पेट्यांतून निघालेले, कारखान्यांतच रंगवून आलेले योद्धे, चेटके व राक्षसही असतात. उंची निराळी, रंग निराळा, काळ निराळा. या सरमिसळ फौजेचें काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कांहीं गृहस्थांचें मत असें कीं, हा गोंधळ मुळीं होऊंच देऊं नये. मागें एका किल्लेस्पर्धेंत परीक्षकांनीं, चित्रें एकसारखीं नाहींत एवढ्याच कारणावरून एका चाळीच्या किल्ल्याचे गुण कापले होते. ज्या किल्ल्याला बक्षीस मिळालें त्याची फौज एकाच दुकानांतून, एकाच दिवशीं, एकाच बापाच्या पैशानें आलेली होती. मला तो न्याय तेव्हांही पटला नाहीं व आजही पटत नाहीं. चाळीचा किल्ला हा पंधरा घरांचा किल्ला असतो. कोणी माती आणतो, कोणी गोणपाट देतो, कोणी अळीव पेरतो, आणि प्रत्येक मूल आपलें एक तरी चित्र त्यावर ठेवतें. चित्रें एकसारखींच असावींत असा नियम केला, तर ज्याच्या घरीं नवें चित्र घेण्याची ऐपत नाहीं तें मूल सर्वांत आधीं बाहेर राहतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्या वर्षीं दिवाळी आली तेव्हां परळ-लालबागच्या कित्येक घरांत दहा महिने पगार आलेला नव्हता. परळच्या एका चाळींत मुलांनीं पन्हाळा रचावयास घेतला होता. एका मुलानें जें चित्र आणलें तें म्हणजे डोक्यावर रुंद टोपी व हातांत पिस्तूल असलेला प्लास्टिकचा अमेरिकन गुराखी! दुसरीं मुलें हंसलीं. त्यांच्यांतील वयानें मोठी असलेली एक मुलगी मात्र म्हणाली, “अरे, हा तर राजापूरचा टोपीकर!” तिचें म्हणणें इतिहासाला धरून होतें. १६६० सालीं सिद्दी जौहरनें पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हां राजापूरच्या वखारींतील हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीस गेला होता. आणि पुढील वर्षीं महाराजांनीं राजापुरावर चालून जाऊन त्याला कैद केलें. झालें! गुराख्याला वेढ्याच्या बाजूस तोफेजवळ जागा मिळाली, आणि दुसऱ्या दिवशीं तो इतका महत्त्वाचा ठरला कीं, त्याला कैद कोणी करावयाचें यावरून मुलांत भांडण जुंपलें.

चित्र विजोड असलें तर त्याला शोभेल असें काम शोधावें, एवढेंच त्या मुलीनें केलें. बाकीचें सारें हातकाम आहे. त्यांत उंचीची अडचण मोठी. मोठीं चित्रें पायथ्याशीं, पाहणाराच्या जवळ ठेवावींत, चढावर मध्यम, आणि अगदीं लहान चित्रें माचीवर व बुरुजांवर. म्हणजे लहान चित्र दूरचें वाटतें आणि दोन हात उंचीचा ढिगारा खरोखरच डोंगर भासूं लागतो. महाराजांना हा नियम लागू नाहीं. ते सर्वांत वर असूनही सर्वांहून मोठे असतात, आणि कोणाही मुलाला त्यांत वावगें वाटत नाहीं. जुन्या चित्रकारांनींही राजा सेवकांहून मोठा काढलेला आढळतो.

परदेशी चित्रांच्या पायांखालीं वाटोळी चकती असते. ती ओल्या मातींत दाबून वर चिमूटभर माती भुरभुरली कीं, तो योद्धा आपल्याच मातींत उभा राहिलेला दिसतो, आणि वाऱ्यानें पडतही नाहीं. पाण्याची गोष्ट अधिक नाजूक. अळीव पाणी मागतें, आणि कच्च्या मातीचा मावळा पाण्यानें विरघळतो. म्हणून मातीचीं चित्रें कौलाच्या तुकड्यावर, पायऱ्यांवर, कोरड्या जागीं असावींत व हिरवळींत प्लास्टिकचीं खोंवावींत. लकाकी घालवावयाची असेल तर प्लास्टिकचें चित्र आधीं साबणानें धुवावें, कारण सांच्याचा तेलकटपणा त्यावर राहिलेला असतो; मग थोडा डिंक घातलेल्या पातळ गेरूचा एक हात द्यावा. दिवाळी संपतांच तो धुऊन जातो आणि चित्र ज्याचें त्याला जसेंच्या तसें परत करतां येतें. चाळींत ही गोष्ट लहान नव्हे.

अशी सरमिसळ इतरत्रही होते. एच. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकारानें १९१३ सालीं खेळांतल्या शिपायांच्या लढाईचे नियमच पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यांत प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढें नेतो. त्या खेळांतील कांहीं नामांकित राक्षसांचें मूळ हाँगकाँगच्या बनावटीच्या स्वस्त प्लास्टिक प्राण्यांत आहे. हे प्राणी आधीं मेजावर आले, नांवें व गुण त्यांना मागाहून मिळाले! पुढें २००० सालीं ‘मेज नाइट’ नांवाचा खेळ आयत्या रंगवलेल्या चित्रांसह बाजारांत आला, व तसले आणखीही निघाले. एका खेळाचीं चित्रें दुसऱ्यांत घेण्यास तेथील खेळाडू मागेंपुढें पाहत नाहींत. पटावरील एक इंचाचा चौकोन म्हणजे पांच फूट जागा, आणि त्या चौकोनांत चित्र बसलें कीं पुरे. आपल्याकडील मूल मावळ्याला ‘तूं बहिर्जी’ म्हणून दरींतून चालवतें, तेव्हां तें याहून निराळें कांहीं करीत नसतें.

तरी वाटेल तें चालावें असें मी म्हणत नाहीं. महाराजांच्या जागीं दुसरें कोणतेंही चित्र नको. विमान मला स्वतःला खपत नाहीं. मुलें तें ठेवतातच, आणि मग मी दुसरीकडे पाहतों. मला खरी काळजी वाटते ती प्लास्टरच्या तयार किल्ल्यांची. जुलै २०२५ मध्यें पन्हाळ्यासह आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत गेले, याचा आनंद आहेच. पण दुकानांतून उचलून आणलेल्या रायगडावर शेजारच्या मुलाच्या गुराख्याला जागा कोठून मिळणार? चाळी पाडून उठलेल्या उंच इमारतींत माती मिळत नाहीं हें खरें. परंतु एक रुंद फळी, दोन गोणपाटें आणि कुंडीवाल्याकडची दोन पोतीं माती एवढ्यावर तळमजल्याच्या एका कोपऱ्यांत दहा घरांचा किल्ला उभा राहतो. मात्र अळीव हिरवें दिसावयास चार-पांच दिवस लागतात. तेव्हां वसुबारसेच्या आधींच माती रचून झालेली असावी.