‘खुकरी’च्या पोटातली माणसं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



हिंदमाताला पाणी तुंबलं की शाळेला सुट्टी, एवढाच आपला पाण्याशी संबंध. पण चिमणी आणि बॉयलर आपल्याला नवे नाहीत. निम्म्या वर्गाचे वडील गिरणीत होते. मी नेव्हल डॉकयार्डात बॉयलरच्याच कामावर आयुष्य काढलं, म्हणून आज ‘खुकरी’विषयी बोलतो.

‘खुकरी’ १९५८ साली नौदलात आली. वाफेवर चालणारी, पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेली. जोडीला ‘किरपाण’ आणि ‘कुठार’. १९७१ च्या डिसेंबरात सुरुवातीलाच ‘कुठार’च्या बॉयलररूममध्ये स्फोट झाला, तिला ओढत मुंबईला आणावं लागलं. राहिल्या दोघी. दीवच्या बाजूला पाकिस्तानी पाणबुडीचा सुगावा लागला, म्हणून ८ तारखेला त्या मुंबईहून निघाल्या.

शिकाऱ्याचीच शिकार झाली, असं लोक म्हणतात. मला ते वाक्य आवडत नाही. ‘हंगोर’ पाणबुडीला या बोटी दुरून कळत होत्या. यांच्या जुन्या सोनारला ती सापडत नव्हती. त्यात सोनारचा पल्ला वाढवणारं नवं उपकरण ‘खुकरी’वर चाचणीला होतं, त्यासाठी तिला वेग कमी ठेवावा लागला. यावर नौदलातले जाणते आजही वाद घालतात. माझं म्हणणं एवढंच, की चांगला सोनार आधीच द्यायला हवा होता.

९ तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास टॉर्पेडो लागला. त्याआधी ‘किरपाण’वर सोडलेला फुटलाच नव्हता. काही मिनिटांत ‘खुकरी’ गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते बोटीवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं, हे आपण जाणतो. मला आठवतात ते खालचे. बॉयलररूममधून वर यायला उभी लोखंडी शिडी असते. धक्क्याला लागलेल्या बोटीत, दिवे चालू असताना, कुणी मागे लागलेलं नसताना ती चढतानाही माझा दम लागायचा. तिथे अंधार, कललेली बोट आणि चहूकडे तापलेली वाफ.

दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ने ६७ जणांना पाण्यातून काढलं.

दीवला किनाऱ्यालगतच्या टेकडीवर काचेच्या पेटीत ‘खुकरी’ची प्रतिकृती आहे. आपली मंडळी दीवला वेगळ्याच कारणासाठी जातात, ते मला माहीत आहे! तरी पुढच्या डिसेंबरात बस काढणार असाल, तर पहिलं नाव माझं लिहा.